अभिनय करायचा नाही, पण हौशी नाट्यसंस्थेत काम करायचंय: सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय एक्केचाळीस, बँकेत नोकरी, संध्याकाळी साडेसातनंतर मोकळे, आठवड्याला सहा-सात तास देता येतील. गावातली एक हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक बसवतेय. अभिनय कधी केला नाही, करायचाही नाही. आणि धास्ती ही, की मदतीला म्हणून गेलो तर चहा-वडापाव आणण्यापलीकडे कुणी काही सांगणार नाही.

चहा आणावा लागेलच. तो कधी दिग्दर्शकही आणतो, त्यात काही नाही. अडचण दुसरीकडे आहे. "काही काम असेल तर सांगा" म्हणणाऱ्या माणसासाठी काम शोधणं हे तालीम घेणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक काम असतं, त्यामुळे तो हातात येईल ते देतो, आणि हातात येतो तो थर्मास. हौशी संस्थेत हातांची वानवा नसते. प्रयोगाच्या दिवशी विंगेत, म्हणजे मंचाच्या बाजूच्या आडोशात, नको इतकी माणसं असतात. वानवा असते ती एखादी बाब पहिल्या उभ्या (म्हणजे हालचालींसह होणाऱ्या) तालमीपासून सामान परत जाईपर्यंत एकट्याने सांभाळणाऱ्याची. म्हणून "मला काय करता येईल" यापेक्षा "कोणती बाब मी शेवटपर्यंत माझ्याकडे ठेवू शकतो" हा प्रश्न घेऊन जा. तो आवडीवर कमी आणि तुमचे तास कोणते आहेत यावर जास्त ठरतो.

काही गोष्टी इथे बसून सांगता येत नाहीत. संस्था बारा माणसांची आहे की चाळीस, सेट स्वतः बांधतात की भाड्याने आणतात, नाटक एका दिवाणखान्यात घडतं की सात ठिकाणी, यावर बरंच अवलंबून आहे. पण वेळेचा आकार बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. दोन अंकी नाटक दीड-दोन महिने बसतं. वाचनाचे आठ-दहा दिवस, मग उभ्या तालमी, मग पूर्ण अंक सलग, आणि शेवटचे दहा दिवस रोज, उशिरापर्यंत. तुमचे सहा-सात तास पहिल्या पाच आठवड्यांना पुरतात, शेवटच्या दहा दिवसांना अजिबात पुरत नाहीत. रंगीत तालीम आणि प्रयोग या दोन दिवसांची रजा आत्ताच मनात धरा. रंगीत तालमीला येऊ न शकणाऱ्याला प्रयोगात पडद्यामागचं काम देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या तासांना सगळ्यात चपखल बसणारं काम म्हणजे प्रॉपर्टी, नाटकात लागणाऱ्या वस्तू जमवणं आणि सांभाळणं. निम्मं काम तालमीच्या बाहेर, तुमच्या सवडीने होतं, अनुभव लागत नाही, आणि बँकेतल्या माणसाला लागणारी सवय, म्हणजे नोंद करणं आणि ताळा जुळवणं, इथे थेट उपयोगी पडते.

सुरुवात संहितेपासून. ती दोनदा वाचायची. पहिल्यांदा फक्त कंसातल्या रंगसूचना, दुसऱ्यांदा फक्त संवाद. कारण निम्म्या वस्तू संवादांत दडलेल्या असतात. "घ्या, गरम आहे तोवर" असं कुणी म्हणालं की कप, बशी, ट्रे आणि कपात काहीतरी हवं. "काल आलंय हे" म्हणालं की पत्र हवं. मग एक तक्ता करा: वस्तू, अंक आणि प्रवेश, कोण आणतं, कुठल्या बाजूने आणतं, कुठे ठेवलं जातं, कोण आणि कुठल्या बाजूने बाहेर नेतं. शेवटचे दोन रकाने लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. पहिल्या अंकात डावीकडून आत आलेली छत्री उजवीकडून बाहेर जाते आणि दुसऱ्या अंकात पुन्हा डावीकडूनच आत यायची असते. ती मध्यंतरात कुणीतरी फिरवून ठेवायला हवी, आणि त्या "कुणीतरी"समोर तक्त्यात नाव हवं.

बाजूंबद्दल एक इशारा. डावी-उजवी नटाची धरायची की प्रेक्षकांची, यावर प्रत्येक संस्थेत एकदा तरी गोंधळ होतो. रंगमंचाची डावी म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाची डावी, हा रिवाज. पण घाईत तो कुणालाच आठवत नाही. "खिडकीची बाजू" आणि "स्वयंपाकघराची बाजू" अशी सेटवरून नावं ठेवा आणि तक्त्यातही तीच लिहा.

वस्तू तीन तऱ्हेच्या असतात. पडदा उघडण्याआधीच मंचावर असलेल्या, नटाने हातात घेऊन यायच्या, आणि नटाच्या अंगावरच्या, म्हणजे चष्मा, घड्याळ, पाकीट. तिसऱ्या तऱ्हेवरून वेशभूषावाल्यांशी हद्दीचा वाद हमखास होतो. पहिल्याच आठवड्यात त्यांच्यासोबत बसून कुठली वस्तू कुणाची ते ठरवून टाका.

हातात घ्यायच्या वस्तूंसाठी विंगेत टेबल मांडायचं. त्यावर पांढरा किंवा खाकी कागद चिकटवा, प्रत्येक वस्तू जागेवर ठेवून स्केचपेनने भोवती रेघ मारा आणि आत नाव लिहा. मग तपासायला यादी वाचावी लागत नाही, रिकामा आकार दिसला की वस्तू गेली. दोन्ही बाजूंनी ये-जा असेल तर दोन टेबलं. नियम एकच: ज्याची वस्तू त्यानेच उचलायची, दुसऱ्याने कौतुकानेही हात लावायचा नाही, आणि टेबलावर चहाचा कप ठेवायचा नाही. पहिली घंटा होण्याआधी एकदा, मध्यंतरात एकदा आणि प्रयोग संपल्यावर एकदा, असा तीन वेळा ताळा. मंचावरच्या वस्तूंसाठी रंगीत तालमीच्या दिवशी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. टीपॉयवरचं मासिक कुठल्या कोनात होतं हे आठवणीवर सोडू नका.

तालमीला खरी वस्तू लागत नाही, पण तशाच वजनाची आणि आकाराची वस्तू लागते, आणि ती पहिल्या उभ्या तालमीपासून लागते. प्रवासाची बॅग तालमीभर रिकामी उचलली आणि प्रयोगात भरलेली दिली, तर नटाची चाल बदलते, वाक्य कुठे थांबायचं ते बदलतं. कुलूप उघडणं, काडी पेटवणं, पाकिटातून पत्र काढणं या सगळ्याला सेकंद लागतात आणि संवाद त्या सेकंदांवर बसतो. नुसत्या हातवाऱ्यांनी तालीम केलेल्या नटाला प्रयोगाच्या दिवशी पाकीट फाडता फाडता दोन वाक्यं कमी पडतात. पुढचं वाक्य बोलायला समोरचा आ वासून उभा.

खाण्यापिण्याचं थोडं सविस्तर सांगतो. चिवडा, फरसाण, कोरडी बिस्किटं टाळा. ती घशात बसतात आणि नटाला पुढच्या वाक्याला ठसका लागतो. केळं, मऊ पाव, शिरा चालतो. चहा कोमट. दारूसाठी कोरा चहा पाणी घालून हवा त्या रंगाचा करता येतो, पण तो त्याच दिवशीचा हवा. काचेचे पेले शक्यतो नकोत, अनवाणी वावरणारं पात्र असेल तर मुळीच नकोत. लांबून काचेसारखे दिसणारे जाड प्लास्टिकचे पेले मिळतात. कुणाला साखर वर्ज्य आहे, कुणाचा उपास त्या दिवशी येतोय, हे आधी विचारा. उपासाचं विचारायचं राहून गेलं, तर पहिली घंटा झाल्यावर केळं शोधत धावावं लागतं.

नोटांची रंगीत झेरॉक्स काढू नका, ते गुन्ह्यात मोडतं. वर-खाली एकेक खरी नोट आणि मध्ये त्याच मापाचे कोरे कागद, वर रबर. वर्तमानपत्र असेल तर आदल्या दिवशी चार वेळा उघडून-मिटून मऊ करा, नाहीतर माईकपाशी त्याची कुरकुर संवादाच्या वर जाते. पत्र वाचायचं असेल तर मजकूर खरा लिहा, कारण घाबरलेला नट कोऱ्या कागदाकडे बघून गडबडतो. पण त्याच्याकडून ते पाठही करून घ्या, कारण पत्रच हरवतं. चाकू, कोयता, सुरी यांची धार कानशीने पूर्ण घालवायची, आणि ते टेबलावर उघडे न ठेवता तुमच्या ताब्यात. निरांजन, उदबत्ती, काडी, म्हणजे जे जे पेटतं त्यासाठी नाट्यगृहाची परवानगी आधी घ्यायची, आणि त्या बाजूच्या विंगेत पाण्याने भिजवलेलं गोणपाट आणि वाळूची बादली ठेवायची. झालरी आणि विंगा कापडाच्या असतात हे मंचावर दिवा फिरवणारा विसरतो.

उसन्या वस्तूंची वही ही तुमची खरी पत. कुणाकडून काय आणलं, कोणत्या अवस्थेत, फोटो, आणि परत कधी. कुणाच्या आजीचा पितळी डबा किंवा भिंतीवरचं जुनं घड्याळ प्रेमाने दिलं गेलं तरी घेऊ नका. त्याची भरपाई पैशांत होत नाही. जुन्या बाजारातून दोनशे रुपयांचं बंद घड्याळ आणा. एका प्रवेशापुरती वेळ तशीही बदलत नाही, काटे प्रवेशागणिक हातानेच फिरवायचे असतात.

प्रॉपर्टी झाली. आता बाकीच्या बाबी, कारण तुमच्या संस्थेत ती आधीच कुणी धरलेली असू शकते.

प्रॉम्प्टिंग, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून शब्द देणं, बाहेरून सोपं वाटतं. ते तुम्हाला जमणार नाही असं नाही, पण तुमच्या तासांत बसणार नाही. प्रॉम्प्टरला जवळजवळ प्रत्येक तालमीला हजर राहावं लागतं, कारण कुठली शांतता मुद्दाम घेतलेली आणि कुठली विसरल्याची, हे तालमीला बसल्याशिवाय कळत नाही. संहितेच्या प्रतीत ठरलेल्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवतात. पेननं नाही, कारण त्या पुढच्या आठवड्यात बदलतात. शब्द द्यायचा तो वाक्याचे पहिले दोन शब्द, खालच्या पण स्पष्ट आवाजात. कुजबुज करू नये. ती फुसफुस पहिल्या रांगेला ऐकू जाते आणि नटाला शब्द मात्र कळत नाही. स्पर्धेच्या प्रयोगात प्रॉम्प्टर नकोच, असं काही दिग्दर्शक म्हणतात. मला ते पटतं, पण तालमीत मात्र तो हवाच.

प्रकाशयोजना करणं आणि दिवे चालवणं ही दोन कामं. योजना हा अनुभवाचा भाग आहे. राज्य नाट्य स्पर्धेत दिग्दर्शन आणि अभिनयाइतकीच नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिकं असतात, त्यामुळे ती जागा पहिल्या वर्षी कुणी देणार नाही आणि मागूही नये. चालवणं मात्र शिकता येतं. त्यासाठी क्यूंची, म्हणजे दिवे बदलायच्या ठरलेल्या क्षणांची, यादी हवी: क्रमांक, संहितेतलं पान, कुठल्या शब्दावर किंवा हालचालीवर, काय बदलतं, किती सेकंदांत. "संध्याकाळ होते" असं लिहून चालत नाही. "ती खिडकी लावते, कडीचा आवाज, मागचा पिवळा आठ सेकंदांत निम्म्यावर" असं लिहायचं. क्यू शक्यतो हालचालीवर बांधा. वाक्य नट विसरू शकतो. खिडकी लावायला तो सहसा विसरत नाही.

विजेचा हिशोब मात्र योजनाकारावर सोडू नका, स्वतः करायला शिका. 1000 वॉटचा एक हॅलोजन दिवा 230 व्होल्टवर सव्वाचार अँपिअरच्या थोडं वर ओढतो. म्हणजे 16 अँपिअरच्या एका प्लगवर असे तीन, तेरा अँपिअर. चौथा लावला की मर्यादा ओलांडली. शाळेच्या किंवा मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तालीम असेल तर दोन-तीन प्लग एकाच फ्यूजवर असतात, तिथे प्लग मोजून उपयोग नाही, फ्यूज कुठे जातो ते बघावं लागतं. एक्स्टेन्शनची वायर 2.5 चौरस मिलिमीटरची घ्या, आणि रिळावर गुंडाळलेली तशीच वापरू नका, पूर्ण सोडा. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. एलईडी दिवे आल्यापासून हे ओझं फार हलकं झालंय, पण जिल्ह्याच्या नाट्यगृहांत जुने दिवे अजून भरपूर आहेत. तापलेल्या दिव्याला हात लावायचा नाही, आणि शिडीवर कुणी असताना खाली एकाने शिडी धरून उभं राहायचं. मोबाईल बघत नाही.

आवाजाची बाजू हे घरी तयारी करण्याजोगं दुसरं काम. लॅपटॉपवर सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये, नावाच्या आधी 01, 02, 03. फायली पेनड्राइव्हवरही ठेवा आणि दुसऱ्या लॅपटॉपवर एकदा वाजवून बघा. इंटरनेट बंद, सूचनांचे आवाज बंद, स्क्रीन आपोआप काळी होण्याची सोय बंद. गंभीर प्रवेशात टुणकन वाजलेली सूचना पूर्ण नाट्यगृहाला ऐकू जाते. रिकाम्या नाट्यगृहात ठरवलेली पातळी भरलेल्या नाट्यगृहात कमी पडते, कारण माणसं आणि कपडे आवाज शोषतात. तेव्हा वर सरकवायला जागा ठेवा.

नेपथ्याला रविवारचे हात लागतात. तुम्हाला सुतारकाम येत नसेल तरी रंगकाम आणि बांधाबांध जमते. नेहमीचा फ्लॅट, म्हणजे सेटच्या भिंतीचा सुटा तुकडा, आठ फूट बाय चार फूट, कारण प्लायचा तुकडा त्या मापाचा मिळतो. हलका हवा असेल तर लाकडी पट्ट्यांची चौकट आणि वर ताणलेलं मांजरपाट. कापडावर थेट रंग देऊ नका. आधी पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलचा एक हात, तो वाळला की कापड ढोलकीसारखं ताणलं जातं, मग रंग. तो हात दिला नाही तर रंग कापडात मुरतो, दुप्पट लागतो, आणि दिव्यात कापडाचे झोळ दिसतात. प्रत्येक फ्लॅटच्या मागे ठळक क्रमांक, आणि कुठला कुठल्याला जोडतो त्याची खूण. जोड खिळ्यांनी नको, स्क्रूने किंवा पिन निघणाऱ्या बिजागरीने, कारण हेच सगळं प्रयोगानंतर अर्ध्या तासात उतरवायचं असतं. मागून तिरका टेकू आणि त्यावर दहा-पंधरा किलोची वाळूची पिशवी. कितीतरी नाट्यगृहांत मंचाच्या फळ्यांना खिळा मारू देत नाहीत, आधी विचारा. दार असलेल्या फ्लॅटला दोन टेकू द्या. नायक रागाने दार आपटतो आणि सगळी भिंत थरथरते, मग प्रेक्षक हसतात.

फ्लॅट उचलायची रीत आहे. उभा धरायचा, एक हात खाली, एक हात डोक्याच्या उंचीवर, दोन माणसं, पुढच्याने वाट बघायची. आडवा डोक्यावर घेऊन अरुंद विंगेत शिरणारा हमखास कुणाचा तरी दिवा पाडतो. टेम्पोचंही आधी मोजून घ्या. "छोटा हत्ती"चा हौदा साधारण सात फुटांचा, म्हणजे आठ फुटी फ्लॅट बाहेर येतो. मोठी गाडी सांगा किंवा उभे बांधायची तयारी ठेवा. जे मंचावर आधी लागतं ते गाडीत शेवटी चढवायचं. लेव्हल, म्हणजे मंचावर उंची देणारे चौथरे, आधी मांडायच्या असतात, तर त्या मागच्या फळक्याजवळ हव्यात, कपड्यांच्या पेट्यांखाली नकोत.

आता अंधारातला बदल, कारण पहिल्या वर्षी तुम्हाला हे काम कुठल्याही बाबीबरोबर करावंच लागेल. दोन प्रवेशांमध्ये ब्लॅकआऊट होतो आणि चार-पाच जण सामान हलवतात. मंचावर वीस सेकंद विंगेतून काहीच वाटत नाहीत, प्रेक्षागृहात तेच वीस सेकंद न संपणारे असतात. म्हणून बदल लिहून काढा: कोण, कुठली वस्तू, कुठून कुठे, कुठल्या क्रमाने, कुठल्या वाटेने. एका माणसाला दोनपेक्षा जास्त वस्तू नकोत. जाताना एक घेऊन जा, येताना दुसरी आणा, रिकाम्या हाताने फेरी नको. आधी उजेडात तीन वेळा, मग घड्याळ लावून अंधारात. खुर्चीच्या पायांच्या जागा मंचावर चिकटपट्टीच्या छोट्या तुकड्यांनी खुणावायच्या, आणि दोन प्रवेशांच्या खुणांचे रंग वेगळे. लेव्हलच्या कडांना रेडियमची पट्टी. टॉर्चवर निळा जिलेटिन कागद, आणि तो जमिनीकडेच धरायचा. क्यू येण्याआधी मिनिटभर दिव्याकडे बघू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. दिवे गेल्यावर एक श्वास थांबून मग पाऊल टाका, कारण त्याच क्षणी नट बाहेर येत असतात आणि टक्कर तिथेच होते. अंगावर काळा पूर्ण बाह्यांचा शर्ट, काळी पँट, पायात मऊ तळव्याचे बंद बूट. चप्पल नको. ती वाजते, आणि लेव्हलचा कोपरा अंगठ्याला लागतो. प्रेक्षकांचा एखादा कोपरा दिसत असेल तर समजा तुम्हीही त्यांना दिसताय.

रंगभूषा, वेशभूषा यांच्याबद्दल मी फार सांगत नाही, ते शिकायला त्या त्या माणसाजवळ बसावं लागतं. इस्त्री, तुटलेलं बटण आणि सुई-दोरा-सेफ्टी पिनांचा डबा एवढं सांभाळलं तरी ते दुवा देतात.

तुमच्या नोकरीला साजेशी आणखी एक बाब आहे, जिच्याकडे हौशी संस्था शेवटच्या आठवड्यापर्यंत बघत नाहीत: कागदपत्रं. लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी, संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, नाट्यगृहाच्या तारखेची पावती, खर्चाची बिलं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. गोविंद बल्लाळ देवल 1916 साली गेले, राम गणेश गडकरी 1919 साली, त्यांच्या मूळ नाटकांना परवानगी लागत नाही. विजय तेंडुलकर 2008 साली गेले, तिथे ती लागणारच. जुन्या परदेशी नाटकाचं मराठी रूपांतर करायचं असेल तर मूळ नाटक मोकळं असलं तरी रूपांतरकाराचा हक्क वेगळा असतो, हे निसटतं. स्पर्धेच्या प्रवेशिकेसोबत काय काय जोडायचं ते त्या वर्षीच्या नियमावलीतूनच बघा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. प्राथमिक फेरीला तारीख मिळते ती बदलून घेणं अवघड असतं, तेव्हा हे कागद तालीम सुरू होतानाच हलवायला हवेत.

एवढ्यातून निवड अशी करता येईल. रोज येणं शक्य नाही पण घरी काम करता येतं: प्रॉपर्टी, आवाज किंवा कागदपत्रं. रविवार पूर्ण मोकळा: नेपथ्य. रोज दोन तास येता येतं: प्रॉम्प्टिंग. शेवटचे दहा दिवस मिळतात पण आधी काहीच नाही: अंधारातले बदल आणि प्रेक्षागृहाच्या दारावरची व्यवस्था. तुमच्या बाबतीत मी प्रॉपर्टी घेईन आणि तीच बाब दोन नाटकं सलग सांभाळेन. पहिल्या नाटकात यादी करायला शिकता, दुसऱ्या नाटकात दिग्दर्शकाला "ही वस्तू या प्रवेशात नको" असं सांगण्याइतकी नजर येते.

वागण्याबद्दल दोनच गोष्टी. तालीम चालू असताना नटाला अभिनयाबद्दल काही सांगू नका, अगदी त्याने विचारलं तरी. ते दिग्दर्शकाचं, आणि दोन तोंडांनी सूचना गेल्या की नट भांबावतो. आणि तुम्हाला जमणार नाही असा दिवस असेल तर तो आदल्या दिवशी सांगा, त्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. सामानाची चावी तुमच्या खिशात असते.

पहिल्या भेटीला जाताना संहिता मागा आणि पाच-सहा गोष्टी विचारून घ्या. प्रॉपर्टी कुणाकडे आहे का, असेल तर त्याच्या हाताखाली येऊ का. उभ्या तालमी कधीपासून. रंगीत तालीम प्रत्यक्ष नाट्यगृहात आहे की हॉलमध्ये, कारण हॉलमध्ये असेल तर नाट्यगृहातल्या विंगेची रुंदी आधी जाऊन मोजावी लागेल आणि टेबल बसतंय का ते पाहावं लागेल. वस्तूंसाठी किती खर्च करता येईल आणि बिलं कुणाला द्यायची. प्रयोग संपल्यावर सेट उतरवायला किती वेळ मिळतो, कारण पुढच्या संस्थेचं सामान दाराशी उभं असतं. शेवटचं विचारायला लोक संकोचतात, तरी विचारा: सामान परत पोचवायला दुसऱ्या दिवशी गाडी आहे का. नसेल तर उसनं सामान आठवडाभर तुमच्या घरी राहणार, तेव्हा घरच्यांना आधी कल्पना द्या आणि एक कोपरा मोकळा करून ठेवा.